फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रसार आणि पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल अशा रीतीने लिहिले असून, एकाच मुद्द्याचा संबंध दोन ठिकाणी येत असेल तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रिपोर्टमधील शब्दांचा अर्थ समजून घेण्यासाठी या पानाचा उपयोग व्हावा. त्यावरून उपचार ठरवण्याचे काम मात्र रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचेच आहे.

१. पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने म्हणजे काय? ती तेथे काय करतात?

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे एक पटल असते. त्याची जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर भरते. या पटलात असंख्य प्रथिने रोवलेली असतात. काहींचे एक टोक पेशीच्या बाहेर आणि दुसरे आत असते, तर काही नुसती बाहेरच्या बाजूने अडकवलेली असतात. शेजारी कोण आहे, पायाखाली कोणते ऊतक आहे, वाढण्याचा निरोप आला आहे का, समोरून येणारी रोगप्रतिकारक पेशी आपल्याला ओळखते का, ही सगळी खबर पेशीला मुख्यतः या प्रथिनांकडून मिळते.

ही प्रथिने कर्करोगाने नव्याने घडवलेली नसतात, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. जखम भरून येणे, गर्भाची वाढ होणे, श्वेतपेशींनी रक्तातून बाहेर पडून जंतूंपर्यंत पोहोचणे, ही नेहमीची कामे हीच प्रथिने करतात. कर्करोगाची पेशी त्यांचा वापर अवेळी, अवाजवी प्रमाणात किंवा बिघडलेल्या स्वरूपात करते. काही उपचारांत निरोगी त्वचेला किंवा आतड्यालाही त्रास होतो, त्याचे एक कारण हेच आहे.

२. कर्करोग “पसरला” म्हणजे प्रत्यक्षात काय झाले?

मूळ गाठीतील काही पेशी सुटल्या, रक्तातून किंवा लसिकेतून (लिम्फ या ऊतकद्रवातून) दुसरीकडे पोहोचल्या आणि तेथे वाढू लागल्या, असा त्याचा अर्थ आहे. फुप्फुसाचा कर्करोग प्रामुख्याने छातीतील लसिका ग्रंथी, दुसरे फुप्फुस, फुप्फुसाचे आवरण, मेंदू, हाडे, यकृत आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी येथे पसरतो. अशा वेळी मेंदूत वाढणारी गाठ फुप्फुसाच्याच पेशींची असते. तिला मेंदूचा कर्करोग म्हणणे चुकीचे आहे, कारण औषधे निवडताना ती फुप्फुसाच्या कर्करोगाची म्हणूनच निवडावी लागतात.

२०२२ मध्ये जगभरात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २४.८ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८.२ लाख मृत्यू झाले. यांतील मोठा वाटा प्रसार झालेल्या रोगाचा आहे. तरीही एकेका पेशीच्या बाजूने पाहिले तर प्रसार हे अतिशय अवघड काम आहे. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या त्वचाकर्करोगाच्या पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या, तेव्हा एका दिवसानंतर हजारात एकापेक्षाही कमी पेशी जिवंत आढळल्या. शेजारणीपासून सुटणे, अस्तराखालचा पातळ तंतुमय पडदा म्हणजे आधारपटल भेदणे, वाहिनीत शिरणे, प्रवाहात तगून राहणे, नेमक्या जागी थांबणे, बाहेर पडणे आणि परक्या ऊतकात रुजणे, या प्रत्येक टप्प्यावर बहुतेक पेशी मरतात. ज्या टिकतात त्यांच्या पृष्ठभागावर त्या त्या टप्प्याला लागणारी प्रथिने असतात. म्हणून “हे प्रथिन आहे की नाही” एवढेच विचारून भागत नाही. ते कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या ऊतकात आहे, हेही विचारावे लागते.

३. पेशी मूळ गाठीतून सुटते तरी कशी?

फुप्फुसातील श्वासनलिकांचे व वायुकोशांचे अस्तर एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या पेशींचे असते. ही पकड ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाची असते. एका पेशीवरील ई-कॅडहेरिनचे बाहेरचे टोक शेजारच्या पेशीवरील तशाच टोकाशी गुंतते, आणि आतले टोक बीटा-कॅटेनिन व इतर प्रथिनांच्या साहाय्याने पेशीच्या सांगाड्याला जोडलेले असते. या पकडीला कॅल्शियम लागते. पेशींना जोडणारी अशी कॅल्शियमवर चालणारी यंत्रणा वेगळी आहे, हे मासातोशी ताकेइची यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले.

ई-कॅडहेरिनसाठी रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की निरोगी अस्तरात प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ दिसते, मधमाश्यांच्या पोळ्याच्या कडा आखाव्यात तशी सलग. गाठीच्या मध्यभागीही ती अनेकदा शाबूत असते. काच सरकवत गाठीच्या कडेला आले, की जेथे पेशी भोवतालच्या तंतूंमध्ये घुसू लागलेल्या असतात तेथे रेघ फिकी होते, तुटक होते आणि कित्येकदा रंग पटलावरून निघून पेशीच्या आत विखुरलेला दिसतो. गोल-चौकोनी पेशी तेथे लांबट झालेल्या असतात. एकाच गाठीत, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर, ही दोन्ही दृश्ये पाहायला मिळतात.

स्नेल, ट्विस्ट, झेब१ यांसारखी पेशीकेंद्रातील प्रथिने ई-कॅडहेरिनचे जनुक दाबून टाकतात, त्याच्या जागी एन-कॅडहेरिन येते आणि पेशी फिरस्तीची होते. या बदलाला अस्तरपेशीचे मध्योतक पेशीत, म्हणजे सुट्या फिरणाऱ्या पेशीत, रूपांतर म्हणतात. वाट काढण्याचे काम एमटी१-एमएमपी यासारखी, पटलातच रोवलेली आणि समोरचे तंतू कापणारी विकरे करतात.

४. मग ई-कॅडहेरिन कमी झाले की प्रसार होणार हे ठरलेलेच का?

नाही. या विषयातला सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज हाच असावा असे मला वाटते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

पहिली गोष्ट अशी की, दूरच्या अवयवात वाढलेल्या गाठी तपासल्या तर त्यांपैकी अनेकांत ई-कॅडहेरिन पुन्हा भरपूर दिसते. सुटण्यासाठी पेशीने पकड सोडलेली असते; रुजून गाठ बांधायची वेळ आली की तीच पकड तिला पुन्हा लागते. दुसरी गोष्ट अशी की, पेशी एकेकटीच निघते असे नाही. काही वेळा चार-दहा पेशींचा पुंजका एकमेकींना धरूनच रक्तात उतरतो. स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांवरील अभ्यासात २०१४ मध्ये असे दिसले की, एकट्या पेशीच्या तुलनेत अशा पुंजक्यांची नवी गाठ तयार करण्याची क्षमता २३ ते ५० पट अधिक असते. पुढे २०१९ मध्ये त्याच कर्करोगाच्या अनेक प्रायोगिक प्रतिमानांत ई-कॅडहेरिन काढून टाकले, तेव्हा पेशी आसपास अधिक घुसल्या हे खरे. पण रक्तातून जाऊन दूर रुजण्याचे प्रमाण कमी झाले, कारण वाटेत त्या मरू लागल्या.

हे प्रयोग स्तनाच्या कर्करोगावरचे असल्याने त्यांतील आकडे फुप्फुसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र एकच प्रथिन एका टप्प्यावर अडसर आणि दुसऱ्या टप्प्यावर आधार ठरू शकते, ही समज येथेही कामाची आहे. फुप्फुसाच्या बायॉप्सी रिपोर्टमध्ये “ई-कॅडहेरिन कमी” असे लिहिलेले असेल, तर ते गाठीच्या एका तुकड्याचे वर्णन समजावे. त्यावरून कर्करोगाची स्टेज ठरत नाही. ती स्कॅन आणि लसिका ग्रंथींच्या तपासणीवरूनच ठरते.

५. इंटेग्रिन म्हणजे काय? ती कॅडहेरिनपेक्षा वेगळी कशी?

कॅडहेरिन पेशीला पेशीशी बांधते. इंटेग्रिन पेशीला तिच्या भोवतालच्या तंतुजालाशी, म्हणजे कोलॅजन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन यांच्याशी बांधते. अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या मिळून एक इंटेग्रिन होते. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्या असून त्यांच्या २४ जोड्या ज्ञात आहेत.

इंटेग्रिन नुसता गोंद असती तर प्रसारात तिचे महत्त्व मर्यादित राहिले असते. ती निरोप दोन्ही दिशांनी नेते. निष्क्रिय असताना ती पटलाकडे वाकलेली असते. आतून इशारा आला की सरळ उभी राहते आणि तंतूला धरते. धरल्यावर बाहेरचा ताण आत पोहोचवते, आणि “पाय टेकलेले आहेत, जगायला हरकत नाही” असा अर्थ पेशी त्यातून काढते. आधार सुटलेली निरोगी अस्तरपेशी हा निरोप थांबताच स्वतःला संपवते. कर्करोगाची पेशी हा नियम मोडते: इंटेग्रिनच्या जोड्या बदलून किंवा प्रश्न ८ मधील वाढीच्या ग्राहींची (बाहेरचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनांची) मदत घेऊन ती आधाराविना तग धरते. पुढे सरकतानाही हीच यंत्रणा लागते. पेशीची पुढची कड नवी पकड घेते, मागची पकड सुटते आणि पेशी स्वतःला ओढून नेते. पकड फार सैल असेल तर जोर लागत नाही, फार घट्ट असेल तर मागचे टोक सुटत नाही. वेग मधल्या पकडीलाच सर्वाधिक असतो. “इंटेग्रिन जास्त म्हणजे प्रसार जास्त” हे सरसकट विधान त्यामुळेच टिकत नाही.

६. रक्तात उतरलेल्या पेशीला आपली रोगप्रतिकारशक्ती का मारत नाही?

बहुतेकींना मारतेच. प्रवाहाच्या ताणाने आणि नैसर्गिक मारक पेशींच्या हल्ल्याने बहुतांश पेशी थोड्या वेळात नष्ट होतात. ज्या वाचतात त्या बऱ्याचदा प्लेटलेटच्या वेष्टनात असतात. प्लेटलेटवरील पी-सिलेक्टिन कर्करोगाच्या पेशीवरील शर्करायुक्त प्रथिनांना चिकटते आणि हे वेष्टन तयार होते. रक्तवाहिनीच्या भिंतीवरील ई-सिलेक्टिन अशाच शर्करांना धरून पेशीचा वेग कमी करते. जखमेकडे निघालेली श्वेतपेशी भिंतीला घासत थांबते, तीच ही रीत. सीडी४७ हे प्रथिन भक्षक पेशीला “मला खाऊ नकोस” असा इशारा देते. पीडी-एल१ हे प्रथिन टी पेशीला (कर्करोगपेशी मारू शकणाऱ्या श्वेतपेशीला) आवर घालते, त्याविषयी प्रश्न १० पाहावा.

७. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूतच इतक्या वेळा का जातो? हे त्या प्रथिनांवरून ठरते का?

काही अंशी रक्ताभिसरणावरून आणि काही अंशी प्रथिनांवरून. हा वाद जुना आहे. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून असे मांडले की, बी सगळीकडे पडते पण अनुकूल मातीतच रुजते. जेम्स युइंग यांनी १९२८ मध्ये त्याला आक्षेप घेऊन, रक्त पेशींना जिकडे नेईल तिकडेच त्या वाढतात, असे म्हटले.

फुप्फुसाच्या बाबतीत युइंग यांचा मुद्दा वजनदार आहे. आतड्यातून सुटलेल्या पेशीला आधी यकृताच्या आणि मग फुप्फुसाच्या केशवाहिन्या पार कराव्या लागतात. फुप्फुसातून सुटलेली पेशी मात्र फुप्फुसशिरांतून थेट हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तेथून सर्व शरीराच्या धमन्यांत पोहोचते. मधे दुसरी गाळणी नाही. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ ते २० टक्के भाग मेंदूकडे जातो. अधिवृक्क ग्रंथींनाही त्यांच्या आकाराच्या मानाने भरपूर रक्त मिळते.

पण पोहोचणे आणि रुजणे यांत फरक आहे, आणि तेथे पॅजेट खरे ठरतात. मेंदूच्या केशवाहिनीतून बाहेर पडलेल्या पेशीला तारकापेशींना, म्हणजे मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींना, तोंड द्यावे लागते. या पेशींमुळे तेथे प्लाझ्मिन हे प्रथिने कापणारे विकर तयार होते. प्लाझ्मिन आगंतुक पेशींना मृत्यूचा इशारा पोहोचवते आणि त्यांच्यावरील एल१सीएएम हे प्रथिनही कापते. एल१सीएएमच्या आधारानेच कर्करोगाची पेशी केशवाहिनीच्या बाह्य भिंतीला बिलगून पसरते, त्यामुळे ते तुटले की तिचा आधार जातो. तगून राहणाऱ्या पेशी सर्पिन गटातील प्रथिने सोडून प्लाझ्मिनला रोखतात. फुप्फुसाच्या व स्तनाच्या कर्करोगाच्या प्रतिमानांवर हे २०१४ मध्ये दाखवले गेले. २०१६ मध्ये याहून चकित करणारी गोष्ट समोर आली: त्याच तारकापेशींशी काही कर्करोगपेशी प्रोटोकॅडहेरिन-७ च्या साहाय्याने जुळवून घेतात, कनेक्सिन-४३ चे छिद्रमार्ग दोघींमध्ये उघडतात, आणि त्या मार्गाने एक संदेशरेणू तारकापेशीत शिरतो. प्रतिसादात तारकापेशी जी द्रव्ये सोडते ती कर्करोगपेशीला जगायला आणि केमोथेरपी झेलायला मदत करतात. मारायला आलेली पेशी पोशिंदी होते, ती पृष्ठभागावरील दोन प्रथिनांमुळे.

हाडांच्या बाबतीत सीएक्ससीआर४ या ग्राहीचा उल्लेख येतो. अस्थिमज्जा सीएक्ससीएल१२ नावाचे द्रव्य सोडते. रक्ताच्या मूळपेशींना मज्जेत थोपवून धरणे हे त्याचे मूळ काम. ज्या कर्करोगपेशींवर हा ग्राही असतो त्यांनाही ते ओढून घेते.

८. ईजीएफआर आणि एमईटी ही तर वाढीची प्रथिने. प्रसाराशी त्यांचा काय संबंध?

पेशीच्या आत वाढीचा आणि हालचालीचा निरोप बऱ्याच अंशी एकाच वाटेने जातो. ईजीएफआर आणि एमईटी हे दोन्ही पृष्ठभागावरील ग्राही आहेत. ईजीएफआरला बाहेरून वाढघटक चिकटला की दोन ग्राही जोडीने येतात, एकमेकांवर फॉस्फेट बसवतात, आणि त्यापुढील साखळीतून विभाजन, जगणे व सरकणे या तिन्ही गोष्टींना चालना मिळते. हा वाढघटक शोधणारे स्टॅन्ली कोहेन यांना रीटा लेव्ही-माँटाल्चिनी यांच्यासह १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एमईटीच्या बाबतीत हा संबंध त्याला चिकटणाऱ्या द्रव्याच्या नावातच होता. त्या द्रव्याचा शोध एका गटाने यकृतपेशी वाढवणारा घटक म्हणून लावला आणि दुसऱ्या गटाने “पेशी विखुरणारा घटक” म्हणून. दोन्ही एकच आहेत, हे मागाहून कळले. प्रयोगशाळेतील बशीत अस्तरपेशी बेटांसारख्या घट्ट समूहात वाढत असतात. हा घटक घातला की साधारण एका दिवसात बेटे फुटतात. पेशी पसरट होतात, पाय फुटल्यासारख्या दिसतात आणि एकमेकींपासून दूर निघून जातात.

९. रिपोर्टमध्ये “ईजीएफआर पॉझिटिव्ह” लिहिले आहे. म्हणजे पेशींवर हे प्रथिन जास्त आहे का?

बहुधा नाही. आजच्या रिपोर्टमध्ये या शब्दांचा अर्थ ईजीएफआरच्या जनुकात औषधाला प्रतिसाद देणारा बदल सापडला, असा असतो. प्रथिनाचे प्रमाण आणि जनुकातील बदल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फुप्फुसाच्या अनेक गाठींत हे प्रथिन वाढलेले दिसते, पण त्यावरून गोळी लागू पडेल की नाही ते कळत नाही. २००४ मध्ये असे लक्षात आले की, ज्यांना ईजीएफआरला रोखणाऱ्या गेफिटिनिब या गोळीने आश्चर्यकारक गुण आला त्यांच्या गाठींत ग्राहीच्या आतल्या भागात बदल होता. तो बदल झालेला ग्राही बाहेरून निरोप न येताही चालू राहतो. एक्झॉन १९ (जनुकाचा एक खंड) मधील वगळणूक आणि एल८५८आर हा एका घटकाचा बदल, हे दोन प्रकार मिळून अशा बदलांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के होतात. कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णांत ते अधिक आढळतात.

येथे एक अपवाद आहे. एक्झॉन २० मध्ये भर पडलेली असेल तर तोही ईजीएफआरमधील बदलच, परंतु नेहमीच्या गोळ्या त्याला फारशा दाद देत नाहीत. “पॉझिटिव्ह” या शब्दावर न थांबता बदलाचा नेमका प्रकार रिपोर्टमध्ये वाचावा, असा माझा आग्रह आहे.

१०. पीडी-एल१ ६० टक्के आले आहे. म्हणजे कर्करोग ६० टक्के पसरला का?

नाही, मुळीच नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात जी भीती असते ती या आकड्याने निर्माण होऊ नये, इतका तो निराळा आहे. बायॉप्सीतील जिवंत कर्करोगपेशींपैकी किती टक्के पेशींच्या पटलावर पीडी-एल१ चा रंग दिसला, एवढेच हा आकडा सांगतो. मोजणीसाठी किमान १०० कर्करोगपेशी असाव्या लागतात.

पीडी-एल१ हे टी पेशीवरील पीडी-१ ला चिकटून तिला थांबवते. निरोगी शरीरात अतिरेकी दाह रोखण्यासाठी हा ब्रेक लागतो. कर्करोगपेशी तोच ओढून धरते. तसुकू होन्जो आणि जेम्स ॲलिसन यांना अशा ब्रेकवरील संशोधनासाठी २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पीडी-एल१ ५० टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या, प्रसार झालेल्या रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाची केमोथेरपीशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ३१.९ टक्के विरुद्ध १६.३ टक्के होते. म्हणजे या आकड्याची खरी उपयुक्तता औषध निवडण्यात आहे.

गुंतागुंत अशी की, ईजीएफआरमधील बदल किंवा एएलकेची जोडणी (प्रश्न ११) असलेल्या गाठींत पीडी-एल१ जास्त असले तरी केवळ इम्युनोथेरपीचा, म्हणजे हा ब्रेक काढणाऱ्या औषधांचा, फायदा सहसा कमी होतो. म्हणून जनुकीय तपासणीचे उत्तर येईपर्यंत थांबण्याचा सल्ला डॉक्टर देतात, तेव्हा तो विलंब निष्कारण नसतो.

११. एएलके आणि केआरएएस हीसुद्धा पृष्ठभागावरील प्रथिनेच का?

केआरएएस नाही. वाढीचा निरोप पुढे नेणारे हे प्रथिन पटलाच्या आतल्या बाजूला चिकटलेले असते, त्यामुळे बाहेरून येणारे प्रतिपिंड त्याच्यापर्यंत पोहोचत नाही; सोटोरासिबसारखा पेशीत शिरू शकणारा छोटा रेणूच लागतो.

एएलकेचे उत्तर अधिक रंजक आहे. मूळ एएलके हा पृष्ठभागावरील ग्राही आहे. परंतु २००७ मध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगात शोधलेल्या ईएमएल४-एएलके या जोड-प्रथिनात ग्राहीचा बाहेरचा भाग आणि पटलात रोवणारा भाग दोन्ही गळालेले असतात. उरलेला तुकडा पेशीच्या आतच फिरतो आणि ईएमएल४ च्या भागामुळे आपोआप जोडीने येऊन चालू राहतो. नावाने पृष्ठभागावरचे, प्रत्यक्षात आतले, असे हे प्रथिन आहे. तपासणीत एएलकेचा रंग पटलावर कडीसारखा न दिसता पेशीभर पसरलेला दिसतो, तो त्यामुळेच.

१२. लघुपेशी कर्करोगात हीच प्रथिने असतात का?

काही प्रमाणात, पण चित्र बरेच वेगळे असते. फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्के लघुपेशी (स्मॉल सेल) प्रकारचे असतात, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत निदानाच्या वेळीच रोग दूरवर पसरलेला असतो. या पेशी चेतापेशींशी साधर्म्य दाखवतात. त्यांच्यावर एनसीएएम, म्हणजेच सीडी५६, सामान्यतः आढळते आणि पॅथॉलॉजिस्ट निदानासाठी त्याचा उपयोग करतात.

डीएलएल३ या प्रथिनाची हकिकत सांगण्यासारखी आहे. निरोगी पेशीत ते गॉल्जी पिंडापाशी, म्हणजे आतच असते. लघुपेशी कर्करोगात ते इतके तयार होते की पृष्ठभागावर येते. बाहेर फक्त कर्करोगपेशीवरच दिसणारे प्रथिन म्हणजे औषधासाठी उत्तम पत्ता. त्यावर विषारी द्रव्य घेऊन जाणारे पहिले प्रतिपिंड मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरले. मात्र पत्ता बरोबर होता, वाहक चुकला होता. टार्लाटामॅब हे नवे औषध एका हाताने डीएलएल३ ला आणि दुसऱ्या हाताने टी पेशीला धरून दोघींना समोरासमोर आणते. त्याला अमेरिकेत मे २०२४ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या उपचारानंतर रोग उलटलेल्या रुग्णांत, मध्यक आयुर्मान केमोथेरपीच्या ८.३ महिन्यांवरून १३.६ महिन्यांपर्यंत गेले.

१३. रक्ताच्या तपासणीत अशा फिरत्या पेशी पकडता येत नाहीत का?

येतात, पण फुप्फुसाच्या बाबतीत एक अडचण आहे. सर्वाधिक वापरल्या गेलेल्या पद्धतीत ७.५ मिलिलिटर रक्तात चुंबकीय कण सोडतात. त्यांवरील प्रतिपिंड ईपीसीएएम या अस्तरपेशीवरील प्रथिनाला धरते. काही कोटी श्वेतपेशींमधून हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा पेशी त्यातून वेगळ्या होतात. प्रश्न ३ मधील रूपांतरात मात्र ईपीसीएएमही कमी होते. म्हणजे जी पेशी सर्वांत फिरस्ती, तीच या जाळ्यातून निसटते. लघुपेशी कर्करोगात फिरत्या पेशी विपुल सापडतात. इतर प्रकारांत शून्य आले म्हणून प्रसार नाही असे म्हणता येत नाही.

सीईए हे पृष्ठभागावरून सुटून रक्तात येणारे प्रथिन आहे. धूम्रपानानेही ते वाढते. निदानासाठी त्यावर विसंबू नये. उपचार चालू असताना त्याच्या चढउताराकडे पाहणे ठीक.

१४. चिकटण्याची प्रथिनेच औषधाने बंद केली तर प्रसार थांबणार नाही का?

ही कल्पना अनेकांना सुचते आणि ती तर्कसंगतच आहे. प्रत्यक्षात तिला फारसे यश आलेले नाही. इंटेग्रिन रोखणारे सिलेंजिटाइड मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावरील अंतिम टप्प्याच्या चाचणीत अपयशी ठरले. उंदरांत तर त्याच्या अगदी कमी मात्रेने गाठीची वाढ उलट वाढलेली दिसली होती. एमईटीला अडवणारे ओनार्टुझुमॅब, पेशींवर एमईटी जास्त असलेले रुग्ण निवडूनही, एर्लोटिनिब या ईजीएफआरवरील गोळीच्या जोडीने उपयोगी पडले नाही. माझ्या मते यामागे दोन कारणे आहेत. निदानाच्या वेळी पेशी बहुधा आधीच सुटून गेलेल्या असतात, आणि एक पकड बंद केली तर पेशी दुसरी वापरते.

यश मिळाले ते दोन वाटांनी. जेथे गाठीचे जगणे एकाच बिघडलेल्या ग्राहीवर अवलंबून आहे, तेथे तो ग्राही बंद करणे उपयोगी ठरले. ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरील नवी गोळी रक्त आणि मेंदू यांमधील अडथळा चांगल्या प्रकारे ओलांडते. जुन्या गोळ्यांच्या १०.२ महिन्यांच्या तुलनेत तिने रोग १८.९ महिने आटोक्यात ठेवला. अमिव्हँटामॅब हे प्रतिपिंड ईजीएफआर आणि एमईटी दोघांना एकदम धरते आणि एक्झॉन २० च्या बदलासाठी अमेरिकेत २०२१ पासून उपलब्ध आहे. दुसरी वाट पृष्ठभागावरील प्रथिन केवळ पत्ता म्हणून वापरण्याची. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान हे औषध एचईआर२ या वाढीच्या ग्राहीला चिकटून पेशीच्या आत जाते आणि तेथे केमोचे औषध मोकळे करते. या औषधाने फुप्फुसाला दाह होऊ शकतो, म्हणून नवा खोकला किंवा धाप लागल्यास तत्काळ कळवावे.

१५. बायॉप्सीच्या सुईने पेशी सुटून कर्करोग पसरतो का?

सुईच्या मार्गात पेशी रुजल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, परंतु फुप्फुसाच्या बायॉप्सीत त्यांचे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आहे. सुटलेली पेशी रुजणे किती कठीण आहे ते प्रश्न २ मध्ये आले आहे. या भीतीने बायॉप्सी टाळली तर वरील कोणतेही औषध निवडता येत नाही, आणि त्यातले नुकसान खरे असते.

१६. मूळ गाठीची बायॉप्सी झालेली असताना रोग वाढल्यावर पुन्हा बायॉप्सी कशाला?

कारण पृष्ठभाग बदललेला असू शकतो. फुप्फुसातील गाठ आणि मेंदूतील गाठ यांचा पीडी-एल१ आकडा एकाच रुग्णात वेगळा निघतो. उपचारांच्या दबावाखाली एमईटीच्या जनुकाच्या प्रती वाढून पेशी ईजीएफआरला बगल देते. क्वचित याहून मोठा पालट होतो: ईजीएफआरमधील बदल असलेला ग्रंथीपेशी कर्करोग गोळ्या चालू असतानाच लघुपेशी कर्करोगात रूपांतरित होतो. अशा वेळी रक्तातील डीएनएच्या तपासणीत ईजीएफआरचा जुना बदल अजूनही दिसतो, आणि नातेवाइकांना वाटते की रोग तोच आहे. काचपट्टीवर पाहिले तर पेशी लहान आणि गर्द झालेल्या असतात, पृष्ठभागावर सीडी५६ उमटलेले असते आणि ईजीएफआरचे प्रथिन जवळपास नाहीसे झालेले असते. जनुकात बदल आहे, पण औषधाने ज्याला अडवायचे ते प्रथिनच पेशीवर उरलेले नाही, ही गोष्ट केवळ रक्त तपासून कळत नाही. त्यासाठी ऊतकाचा नवा तुकडाच लागतो.